नववीच्या ताया, सहावी-सातवीच्या पोरी : पाळीबद्दल मुलींनीच मुलींना शिकवायचं तर? अनुभव आणि सूचना हव्यात

रानवेल

आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात. गावातल्याच शाळेत मी दहावीपर्यंत शिकले. आता नोकरीमुळे अंबाजोगाईत असते, पण आम्हा माजी विद्यार्थिनींचा गट शाळेत अधूनमधून काहीतरी करत असतो. यंदा सहावी-सातवीच्या मुलींशी पाळीबद्दल बोलायचं ठरलंय.

आजवर हा कार्यक्रम कसा व्हायचा ते सांगते. तालुक्याहून डॉक्टरीणबाई येणार. मुलांना मैदानावर पिटाळणार, म्हणजे कशासाठी पिटाळलं ते अख्ख्या शाळेला कळणार. मुलींना हॉलमध्ये बसवून माइकवरून गर्भाशयाचं चित्र समजावणार. शेवटी एकेक पाकीट वाटणार आणि "कुणाला काही शंका?" म्हणून विचारणार. सगळ्यांच्या माना खाली. मग तासाभरानं संडासाच्या रांगेत शंकाच शंका. पहिल्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं तर रक्त आत गोठतं म्हणे. पॅड पूर्ण भिजल्याशिवाय बदलू नये, वाया जातं म्हणे. एक तर सांगत होती की शाळेच्या दिवशी पाणीच प्यायचं नाही, म्हणजे संडासला जावं लागत नाही.

थोडक्यात, मुली मुलींना शिकवतातच. आपण सांगा अथवा न सांगा. मग जी शिकवणारी आहे तिलाच नीट माहिती द्यावी, असं आमच्या डोक्यात आहे. नववीतल्या काही मुली निवडायच्या, त्यांना तयार करायचं आणि एकेकीकडे पाच-सहा लहान मुली सोपवायच्या. त्यांना आम्ही 'ताया' म्हणतोय.

अडतंय ते इथं. ताया निवडायच्या कशा? त्यांना किती सांगायचं? उद्या एखादीच्या घरचे भांडायला आले तर? आणि दिवाळी झाली की आमचं निम्मं गाव कोयता घेऊन ऊस तोडायला कारखान्यावर जातं, त्यात काही मुलीही जातात. त्यांचं काय करायचं? कुणी असं काही केलं असेल तर जरूर लिहा. पुस्तकी सल्ला नको, तो आमच्याकडे भरपूर आहे.

निंबोणी

रानवेल, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, सातारा जिल्ह्यात. आमच्याकडे मीना-राजू मंच हा शाळेतला मुला-मुलींचा गट होता, त्यात मुलींनीच मुलींना सांगण्याचा थोडा अनुभव घेतलाय.

निवडीबद्दल आधी. वर्गशिक्षकांना विचारू नका. ते पहिल्या नंबरची, नीट वेणी घालणारी, भाषण पाठ करणारी मुलगी काढून देतात. तिला सगळं येतं, पण तिच्याकडे कुणी जात नाही. आम्ही लहान मुलींना चिठ्ठ्या दिल्या आणि त्यावर एकच प्रश्न ठेवला : शाळेत अचानक पोटात दुखायला लागलं तर मोठ्या वर्गातल्या कुठल्या मुलीला सांगशील? त्याच त्या नावांच्या चिठ्ठ्या यायला लागल्या आणि ती नावं आम्ही कधीच काढली नसती. एक तर अशी होती की वर्गात बाकावर उभी असायची बहुतेक वेळा. पण पोरींचा तिच्यावर जीव.

वाडी-वस्तीवरून चालत येणाऱ्यांपैकी एक तरी घ्या. शाळेपेक्षा त्या वाटेवर जास्त बोलणं होतं. आणि जिला अजून पाळी आली नाही अशी एखादी असली तरी चालेल. अनुभवी बाईच हवी असा काही नियम नाही.

आडगावकर

धाग्याचा हेतू चांगला आहे, पण चाक पुन्हा शोधू नका. केंद्राचा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम जानेवारी २०१४ पासून आहे. त्यात हजार लोकवस्तीमागे दोन मुली आणि दोन मुलगे असे 'साथिया' निवडायचे, आशाताईंनी त्यांना मदत करायची, अशी कागदावर सगळी व्यवस्था आहे. २०१७ मध्ये त्यांच्यासाठी साहित्याचा संचही निघाला. आधी आशाताईला विचारा तुमच्या गावात साथिया कोण आहेत. उत्तर मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर ती जागा तुमच्या तायांना द्या.

दुसरं, जरा थंड पाणी ओततो. किशोरवयीन आरोग्याच्या कार्यक्रमांत काय चालत नाही, याचा २०१५ मध्ये एक जागतिक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात समवयस्कांकडून शिक्षण हा प्रकार ठळकपणे आहे. त्यानं माहिती पोहोचते, पण वागणं बदलतं असं फारसं दिसत नाही. बऱ्याचदा सगळ्यात जास्त फायदा होतो तो निवडलेल्या मुलीलाच, कारण प्रशिक्षण तिला मिळतं.

रानवेल

आडगावकर, आशाताईंना विचारलं. त्या हसल्या. पुढचं तुम्ही समजून घ्या. पण त्या यायला तयार आहेत, आणि गावात त्यांचा शब्द चालतो, हे आमच्यासाठी खूप आहे.

तो आढावा मान्य. तरी मग मुलींनी विचारायचं कुणाला? डॉक्टरांना माइकवर?

आडगावकर

तसं म्हणत नाही मी. उलट तुमच्या बाजूचाही एक पुरावा देतो, मला स्वतःला तो फार आवडतो.

नेपाळच्या चितवनमध्ये दोन अमेरिकी अर्थतज्ज्ञ बायकांनी शाळकरी मुलींना चिठ्ठ्या टाकून मेन्स्ट्रुअल कप (पाळीत आत बसवायचा, धुऊन पुन्हा वापरायचा छोटा कप) दिले. काहींना मिळाले, काहींना नाही. पाळीमुळे शाळा किती बुडते आणि कपमुळे हजेरी वाढते का, हे बघायचं होतं. निघालं असं की पाळीमुळे बुडणारे दिवस फारच थोडे होते आणि कपनं हजेरीत फरक पडला नाही. वस्तू वाटली की हजेरी वाढते, हे भाषणात म्हणायला ठीक आहे. (भारतातल्या शंभरावर अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये आला, त्यात सुमारे चौथा हिस्सा मुली पाळीत शाळा बुडवतात असं दिसतं. म्हणजे जागेजागेप्रमाणे चित्र बदलतं. त्याच आढाव्यातली दुसरी गोष्ट जास्त बोचते : पहिली पाळी येण्याआधी याबद्दल काही माहीत असलेल्या मुली निम्म्यासुद्धा नव्हत्या.)

तर चितवनची गंमत पुढे आहे. जिच्या मैत्रिणींकडे कप होता ती मुलगी तो लवकर वापरायला लागली. दोन महिन्यांनी पाहिलं तर कप मिळालेली आणखी एक मैत्रीण असली की वापर १८.६ टक्केबिंदूंनी जास्त. आणि का, हेही त्यांनी तपासलं. मैत्रिणीमुळे कप वापरायची इच्छा वाढली नव्हती. मैत्रिणीनं *कसा* वापरायचा ते दाखवलं होतं.

माझं म्हणणं एवढंच. 'कसं' हे मैत्रिणीकडून येतं. तायांकडून तेवढंच मागा. समाजसुधारणा, विज्ञान, रूढींचं निर्मूलन हे सगळं चौदा वर्षांच्या पोरीच्या पाठीवर लादलंत तर ती पोस्टर घेऊन फोटोला उभी राहील आणि बाकी काही होणार नाही.

झिम्मा

+१. शेवटच्या वाक्याला तर दहादा.

पांढरा_कोट

स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, लातूरकडे काम केलंय. आडगावकरांच्या 'कसं'ला धरून लिहिते, म्हणजे तायांना काय द्यायचं ते स्पष्ट होईल.

पॅड किंवा कापड चार ते सहा तासांनी बदलायचं, भिजलेलं असो वा नसो. शाळेचा दिवस त्याहून मोठा आहे, त्यामुळे शाळेत एकदा बदलणं आलंच. बदलण्याआधी आणि नंतर साबणानं हात. अंग धुताना फक्त पाणी, पुढून मागे, आणि साबण आतल्या बाजूला नाही. आंघोळ रोज, डोक्यावरूनही चालते. कापड असेल तर सुती, थंड पाण्यात साबणानं धुऊन उन्हात कडक वाळवलेलं. दाराआड, गादीखाली, साडीच्या आत लपवून दमट राहिलेलं कापडच त्रास देतं, कापड म्हणून कापडात दोष नाही. पोट दुखत असेल तर गरम पाण्याची पिशवी, हालचाल. तरी राहिलं नाही तर डॉक्टरांना विचारून दुखण्याची गोळी, उपाशीपोटी नाही.

एवढं ताईनं सांगावं, करून दाखवावं. पॅड चड्डीवर कसं लावायचं, गुंडाळून कसं टाकायचं, स्कर्टला डाग पडला तर स्वेटर कमरेला कसा बांधायचा. या गोष्टी आम्ही डॉक्टर सांगत नाही, कारण आमच्या लक्षातच येत नाही की त्या सांगायला लागतात.

आता ताईनं काय *ओळखायचं* ते. ओळखून मोठ्या बाईकडे पाठवायचं, स्वतः उपाय सांगायचा नाही :

तासा-दोन तासांत पॅड भरतंय आणि असं तासन्‌तास चाललंय. सात दिवसांवर रक्तस्राव. रक्ताच्या मोठ्या गाठी. चक्कर, धाप. दुखण्यामुळे दर महिन्याला अंथरूण. पंधरा पूर्ण झाली तरी पाळीच नाही.

एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. मुलींना वाटतं पेलाभर जातं. आणि ते 'घाण रक्त' नसतं. पहिली दोन वर्षं पाळी अनियमित असणं स्वाभाविक आहे, कारण बीज दर महिन्याला सुटायला लागलेलं नसतं. २१ दिवसांनी आली काय, ४५ दिवसांनी आली काय, या वयात दोन्ही चालतं.

एका गोष्टीवर तुमच्या जिल्ह्यासाठी मुद्दाम लिहिते. अंगावरून पांढरं जाणं. पहिली पाळी यायच्या काही महिने आधीपासून पारदर्शक किंवा पांढरट स्राव सुरू होतो, महिन्यात कमीजास्त होतो. तो आजार नाही. खाज, घाण वास, दह्यासारखा किंवा हिरवट रंग, ओटीपोटात दुखणं असेल तर आजार, आणि तोही बहुतेक वेळा गोळ्यांनी बरा होणारा. हे साधं ज्ञान नसल्याची किंमत बीडनं मोजली आहे. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर ८२ हजारांवर ऊसतोड महिलांच्या पाहणीची माहिती आली. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. अनेकजणी पांढरं जातंय, पोट दुखतंय म्हणून दवाखान्यात गेल्या होत्या आणि 'पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल' ही भीती घेऊन बाहेर आल्या होत्या. यात आगाऊ घेतलेली उचल, कामावर न गेल्याचे खाडे, खाजगी दवाखान्यांचा धंदा असं बरंच काही आहे. पण तेराव्या वर्षी ज्या मुलीला कळलं की थोडं पांढरं जाणं हे शरीराचं रोजचं काम आहे, तिला विसाव्या वर्षी घाबरवणं जरा तरी अवघड जाईल.

खडूफळा

मॅडम, हा प्रतिसाद छापून शाळेत लावतो. परवानगी गृहीत धरतोय.

पांढरा_कोट

लावा. फक्त मुलींच्या संडासात लावा, ऑफिसात नको. ऑफिसात कोण वाचणार आहे.

औषधी_दुकान

माझं मेडिकल आहे, तालुक्याच्या गावी. काउंटरच्या या बाजूनं लिहितो.

मुली स्वतः येत नाहीत. आई येते, नाहीतर धाकट्या भावाला चिठ्ठी देऊन पाठवतात. मी वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत देतो. काळी पिशवी दिसली की अख्ख्या रस्त्याला कळतं आत काय आहे, पण साध्या पिशवीत दिलं तर गिऱ्हाईक परत करतं. काय बोलणार.

स्वस्तात हवे असतील तर जनऔषधी केंद्रात 'सुविधा' पॅड २०१९ पासून रुपयाला एक आहे. आशाताईंकडे केंद्राच्या योजनेत सहा रुपयांना सहाचं पाकीट, २०११ पासून. २०१८ च्या महिला दिनाला राज्यात 'अस्मिता' आली तेव्हा जि.प. शाळेतल्या मुलींना पाच रुपयांत आठ. जे तुमच्या भागात आज खरोखर मिळतंय ते आधी बघा आणि तेच मुलींना सांगा. पोस्टरवर एक आणि कपाटात दुसरं असलं की पुढचं काही कुणी ऐकत नाही.

पण मी लिहायला बसलो ते वेगळ्या गोष्टीसाठी. गौरी-गणपती, नवरात्र, घरातलं लग्न. या दिवसांत पाळी पुढे ढकलायच्या गोळीला जेवढी मागणी असते तेवढी वर्षभर नसते. आणि आता आया आठवी-नववीतल्या पोरींसाठी मागायला लागल्यात. चिठ्ठीशिवाय देत नाही म्हटलं की पुढच्या दुकानात जातात. तुमच्या तायांना हे सांगा. माझं ऐकणार नाहीत, पोरीनं 'मला नको' म्हटलं तर कदाचित ऐकतील.

पांढरा_कोट

हा मुद्दा माझ्याकडून राहिला होता. ती संप्रेरकाची गोळी आहे. पाळी नुकतीच सुरू झालेल्या मुलीला पूजेत हात लावता यावा म्हणून तपासणीशिवाय देणं चूक आहे. जिला रक्ताच्या गाठी होण्याचा किंवा यकृताचा त्रास असेल तिला ती धोक्याचीही ठरू शकते.

वैनगंगा

गडचिरोलीतून. आमच्याकडे माडिया गावांत अजून कुर्माघर आहे, पाळीत बाईनं गावाच्या कडेच्या झोपडीत राहायचं. मुलगी शिकली म्हणून तिला घरात झोपू देतील असं होत नाही.

बाहेरून येणारे गट पहिल्याच सत्रात 'देवळात का जायचं नाही, लोणच्याला का शिवायचं नाही' इथून सुरू करतात. टाळ्या पडतात. मग मुलगी घरी जाऊन आजीशी भांडते आणि पुढच्या सत्राला येत नाही. आडगावकरांशी सहमत : विटाळाचा वाद तायांच्या अंगावर टाकू नका. तो आपण मोठ्यांनी आयांबरोबर, आज्यांबरोबर घालावा. कुर्माघर तोडा म्हणण्याआधी तिथे पाणी आहे का, कडी आहे का, रात्री दिवा आहे का, हे विचारलं तर म्हाताऱ्या बायका बोलायला लागतात. त्याही तिथे राहिलेल्या असतात.

आणि गप्प बसण्याची सवय किती खोल आहे ते डॉ. राणी बंग यांनी इथेच दाखवलं होतं. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा अभ्यास आला. दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. पुढे त्यांच्या 'सर्च' संस्थेची 'तारुण्यभान' शिबिरं सुरू झाली, त्यात मुलगे आणि मुली दोघंही असतात. ते बघायला मिळालं तर बघा.

झिम्मा

मी पुण्यात, दोन मुलींची आई. आमच्या सोसायटीत आम्ही कप आणि कापडी पॅडवर भर दिला, कचरा जवळपास संपला. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून लाल ठिपका करून वेगळे द्यायची पद्धत कचरावेचक बायकांसाठी इथे सुरू झाली, तीही पाळतो. रानवेल, सुरुवातीपासूनच कपकडे का वळवत नाही मुलींना? एकदा घेतला की वर्षानुवर्षं चालतो.

निंबोणी

झिम्मा, चालतो, पण उकळायला वेगळं भांडं लागतं आणि आमच्याकडच्या आया त्यासाठी चुलीवर पातेलं ठेवू देतील असं मला वाटत नाही. शिवाय लग्नाआधी कप म्हटलं की जो गोंधळ होईल त्यात तायांची पहिल्याच आठवड्यात वाट लागेल. मोठ्या मुलीनं स्वतः ठरवून वापरला तर वापरू दे. शाळेनं त्यावर जोर देऊ नये.

कचऱ्याचं मात्र अगदी खरं. आमच्याकडे शाळेला इन्सिनरेटर मिळाला होता. मुली एकावेळी चार पॅड कोंबायच्या, ते नीट जळायचे नाहीत आणि प्लॅस्टिकचा धूर व्हरांड्यात. शेवटी ते यंत्र बंद. त्याआधी पॅड संडासाच्या भांड्यात जायचे आणि भांडं तुंबायचं. आता झाकणाची बादली, शेजारी जुन्या वर्तमानपत्राचे कापलेले तुकडे. बादली रोज कोण रिकामी करणार हे सफाईच्या मावशींशी बोलून, त्यांना हातमोजे आणि वरचे पैसे देऊन ठरवलं. हे ठरवल्याशिवाय सत्र घेऊ नका. बदलायला शिकवायचं आणि टाकायला जागा नाही, असं व्हायला नको.

संडासाच्या दाराची कडी तपासा. नळाला पाणी किती वाजेपर्यंत असतं ते तपासा. आमच्याकडे दुपारनंतर नसायचं.

खडूफळा

विज्ञान शिकवतो, पुरुष आहे, त्यामुळे दबकत लिहितोय.

मुलांना मैदानावर पाठवणं बंद करा. मी त्याच वेळी मुलांचा तास घेतो. आवाज फुटणं, मिसरूड, स्वप्नदोष, आणि मुलींना पाळी येते म्हणजे काय. पहिली दहा मिनिटं खिदळतात, मग गप्प होतात, कारण स्वतःबद्दलचे प्रश्न त्यांनाही विचारायचे असतात. हे शौक म्हणून करत नाही. मे २०२३ मध्ये उल्हासनगरात बारा वर्षांच्या मुलीला तिच्या भावानं मारून टाकलं. कपड्यावर पाळीचे डाग दिसले आणि त्याला भलताच संशय आला. तीस वर्षांचा बाप्या. त्याला शाळेत कुणी एक तास दिला असता तर, असं मला वाटत राहतं.

आणि शिक्षकांनाही बसवा. जुलै २०२५ मध्ये शहापूरच्या एका शाळेत संडासात रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींना कपडे उतरवून तपासलं गेलं, पालक रस्त्यावर आले, मुख्याध्यापिका आणि मदतनीस बाईला अटक झाली. तिथे अज्ञानी पोरी नव्हत्या हो, शिकलेल्या बायका होत्या. तायांनी कितीही चांगलं शिकवलं तरी स्टाफरूममध्ये असा माणूस असेल तर त्या मुलींचं काय होणार?

रानवेल

सगळ्यांचे आभार. चिठ्ठ्यांची युक्ती वापरली. आलेल्या नावांत सरपंचांची पुतणी नव्हती, त्यावरून थोडं राजकारण झालं, ते सोडून देते. बादली, कडी आणि पाण्याचा पिंप आधी केला. मुलांचा तास विज्ञानाचे सर घ्यायला तयार झाले, शिक्षकांशी आशाताई आणि आरोग्य केंद्राच्या सिस्टर बोलल्या.

तायांबरोबर बसलो तेव्हा एक गोष्ट कळली जी आमच्या कुणाच्याच डोक्यात नव्हती. आम्ही एक वही केली होती : कुठल्या मुलीला पाळी आली, कुणाला पॅड दिले. एक ताई म्हणाली, "मॅडम, ही वही नका ठेवू." का? तर काही मुलींनी पाळी आल्याचं घरी सांगितलेलंच नाही. सांगितलं की स्थळं बघायला सुरुवात होते. कापड शाळेच्या वाटेवरच्या ओढ्यावर धुतात, दप्तरात नेतात. ही वही कुणाच्या मामाच्या हाती लागली तर? वही तिथल्या तिथे फाडली. आता पॅडचं खोकं मुलींच्या खोलीत उघडं ठेवलंय, लागेल तिनं घ्यावं, नोंद नाही.

प्रश्नपेटीतल्या चिठ्ठ्याही वाचल्या. बहुतेक अपेक्षित. 'कबड्डी खेळली तर चालते का', 'केस धुतले तर', 'सोमवारची निळी गोळी खाल्ली की मळमळतं, फेकली तर चालेल का'. एक चिठ्ठी मात्र अशी होती : 'दोन महिने आली नाही. मी काही केलं नाही तरी आई मारते.' नाव नव्हतं. ताई ती चिठ्ठी वाचून रडायलाच लागली, कारण तिला अक्षर ओळखू आलं. अशा वेळी तिनं काय करायचं?

पांढरा_कोट

तिनं काहीही करायचं नाही, ते ओझं तिच्याकडून तुम्ही घ्यायचं. तिला शाबासकी द्या की तिनं तुमच्यापर्यंत आणलं. मग आशाताईंनी त्या आईकडे सहज म्हणून जावं आणि मुलीचं नाव न काढता गावातल्या चार आयांसमोर अनियमित पाळीचं सांगावं : पहिली दोन वर्षं असं होतं, हे 'काही केल्याचं' लक्षण नाही. दोन महिन्यांचा खंड या वयात बहुतेक वेळा साधा असतो. तीन महिन्यांवर गेला तर तपासायला आणा. कोणी त्या मुलीवर जबरदस्ती केली असण्याची शंकाही मनात ठेवा आणि सिस्टरांनी तिच्याशी एकटीनं, शांतपणे बोलावं. बऱ्याच ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री' केंद्र असतं, तिथे पाठवता येईल.

तायांना आधीच सांगून ठेवा : मैत्रिणीचं गुपित राखायचं, पण मारहाण, कुणी अंगचटीला येणं, लग्न ठरवणं, जीव द्यायची भाषा, या गोष्टी गुपितात मोडत नाहीत. त्या लगेच तुमच्याकडे. १०९८ हा मुला-मुलींसाठीचा मदतीचा नंबर प्रत्येकीला पाठ पाहिजे.

निळ्या गोळीचं : ती लोह आणि फॉलिक ॲसिडची. जेवणानंतर घ्यायची, चहाबरोबर नाही. शी काळी होते, घाबरायचं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय होता. फेकू नका म्हणावं. हे काम तायांना उत्तम जमेल, शेजारी बसून खायला लावायचं.

आडगावकर

वहीचा किस्सा वाचून मी माझ्या सगळ्या आकड्यांसकट गप्प बसतो. एकच विचारतो. कारखान्यावर जाणाऱ्या मुलींचं काय ठरलं?

रानवेल

ज्यांना गावातच हंगामी वसतिगृहात ठेवता येईल त्यांच्यासाठी शाळा घरोघर बोलतेय. तरी काही जातीलच, त्यात दोन तायाही आहेत. कोप्यांवर, म्हणजे ऊसतोडीच्या झोपड्यांवर, संडास नसतो, पाणी टँकरचं, पहाटे अंधारात फडात जायचं. तिथे पॅड कुठून आणणार आणि टाकणार कुठे? म्हणून त्यांच्यासाठी सुती कापडाच्या घड्या शिवतोय. कपडे वाळत घालायच्या दोरीवर वर ओढणी पसरून खाली ऊन लागेल असं कसं टांगायचं, ते त्या तायांनीच आम्हाला दाखवलं. त्यांच्या आया तसंच करतात.

घड्यांसाठी कापड कुठल्या रंगाचं घ्यावं यावर मात्र आमच्यात दोन तट पडलेत. मुली म्हणतात गडद, डाग दिसत नाहीत.

निंबोणी

फिकं घ्या. डाग दिसला नाही की धुणं अर्धवट राहतं. वरचा एक थर गडद शिवा, म्हणजे दोरीवर लाज वाटणार नाही, आणि अंगाला लागणारी बाजू पांढरी. नवं कापड शिवायच्या आधी एकदा धुऊन घ्या, खळ निघून जाते, नाहीतर ते पाणी शोषत नाही.

औषधी_दुकान

कपड्याचा साबण आणि हातमोजे मी पाठवतो. पत्ता निरोपात टाका. काळ्या पिशवीत नाही पाठवत.